बुकी लुटारू, मग टोट साधू?



गेल्या अंकातील पत्रात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या बुकींना सरसकट लुटारू ठरवले आहे. तिथले निम्मे प्रेक्षक हरल्यावर हेच म्हणतात आणि पुढच्या रेसला पुन्हा त्याच रिंगमध्ये भाव विचारत उभे असतात!

परवानाधारक बुकी भाव पाटीवर लावतो. पाचाच्या भावात पैसे लावले की नंतर तो दोनवर आला तरी तुमचा पाचच राहतो. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटले जातात तिथे, ही हमी नाही. शेवटच्या क्षणी कुणी तुमच्याच घोड्यावर मोठी रक्कम ओतली की तुमचा डिव्हिडंडही घसरतो. बुकी मोठी रक्कम बघून हात आखडतात, भाव पाडतात, ही तक्रार मात्र खरी आहे. तो धंदा आहे, धर्मादाय नव्हे.

पंटरच्या खिशाला खरी कात्री करामुळे लागते. रेसच्या पैजांवर पूर्वी 28 टक्के असलेला जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 40 टक्के झाला. फोनवर पैजा घेणाऱ्या बेकायदा बुकीला हा करही नाही आणि पाटीही नाही. लोक तिकडे वळणारच. पत्रलेखकांनी आपला राग आधी त्याच्यावर काढावा.

– एक रेसप्रेमी, पुणे