रोबोच्या कुस्तीला कॉलेजचं ओळखपत्र कशाला?



आपल्या सांगली-सातारा पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फेस्टमध्ये हल्ली रोबोंच्या लढती होतात. जाड पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पिंजरा, आत दोन रोबो, बाहेर रिमोट घेतलेली पोरं. कुस्तीसारखेच वजनाचे गट असतात, आठ किलो, पंधरा किलो. मुंबईत आयआयटीच्या टेकफेस्टला तर साठ किलोचे रोबो एकमेकांवर सोडतात. कुणाला हा पोरखेळ वाटेल. मला वाटत नाही, म्हणून लिहितोय. या आखाड्याचं दार आयटीआयच्या, गॅरेजच्या, एमआयडीसीतल्या पोरांना उघडा, एवढंच माझं म्हणणं आहे. मी आपल्या भागात पाहिलेल्या स्पर्धांमध्ये नोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॉलेजचं ओळखपत्र आणलंय का?

बहुतेक रोबोंवर हत्यार म्हणून फिरता ढोल किंवा पातं असतं. मोटर ऑनलाइन मागवायची, पातं कापून घ्यायचं, समोरच्याच्या चिंधड्या करायच्या. हरलेल्याचे महिनाभराचे कष्ट आणि वर्गणीचे पैसे तीन मिनिटांत भंगारात जातात. दुसरा प्रकार फ्लिपरचा. हा समोरच्याच्या खाली फावड्यासारखी पाटी घालतो आणि हवेच्या दाबावर झटक्यात उलटा करतो. सरळ सरळ चीतपट! ब्रिटनच्या ‘रोबोट वॉर्स’ या टीव्ही स्पर्धेत ‘केऑस टू’ नावाचा असाच रोबो सलग दोनदा जिंकला होता, समोरच्याला थेट आखाड्याच्या भिंतीबाहेर फेकायचा. हरलेला रोबो बऱ्याचदा किरकोळ दुरुस्तीवर पुन्हा उभा राहतो. ज्याच्या खिशात फार पैसे नाहीत त्याच्यासाठी हाच प्रकार बरा.

पण फ्लिपर करणं मोटर बसवण्याइतकं सोपं नाही. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजची चार पोरं आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या शेडवर आठ किलोचा रोबो घेऊन आली. हुशार पोरं, कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग एकदम देखणं. हिशोबही पक्का होता. ३२ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर. आठ बार दाब दिला की जोर मिळतो साधारण ६५ किलो. स्ट्रोक १०० मिलिमीटर, म्हणजे एका झटक्याची ऊर्जा ६४ ज्यूल. आठ किलोचं धूड कागदावर पाऊण मीटरच्या वर उडायला पाहिजे.

प्रत्यक्षात पाटी उचलली ती मुरमाची ट्रॉली डंपिंग केल्यासारखी. सावकाश. समोरचा रोबो आरामात घसरून उतरला असता.

आमच्याकडे कामाला असलेला एक पोरगा, आयटीआय फिटर, वय वीस, लांबून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, “मालक, जोर हाय की त्यात, पण वाराच पोचंना.” त्यानं सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे फ्लो कंट्रोल काढून टाकले. पॅकिंग मशीनवर पिस्टन हळू चालावा म्हणून लावतात ते. पोरांनी सिलिंडर जुना घेतला होता आणि ते तसेच राहिले होते. सहा मिलिमीटरचा पाइप काढून बाराचा घातला, व्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा लावला, टाकी उचलून सिलिंडरच्या शेजारी आणली. पिस्टनच्या पलीकडची हवा बाहेर पडायलाही मोकळी वाट करून दिली, ती आत कोंडली तर तीच पिस्टनला अडवते. पुढच्या चाचणीला आठ किलोची वाळूची पिशवी गुडघ्याएवढी उडाली आणि शेडमधल्या सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या.

मग त्यानं दुसरी गोष्ट दाखवली. पाटी ६५ किलोनं वर जाते तेव्हा तेवढाच दाब रोबोच्या अंगावर खाली येतो. पुढचा पत्रा वाकायला लागला होता. तिथं आडवी पट्टी वेल्ड केली आणि वजन भरून काढायला मागच्या बाजूला भोकं पाडली. तिसरी गोष्ट हवेच्या बचतीची. एक लिटरची टाकी असेल तर प्रत्येक झटक्याला त्यातली ८० मिलिलिटर दाबातली हवा जाते, दहाव्या झटक्याला जोर निम्म्याहून कमी उरतो. म्हणजे चालवणाऱ्यानं उगाच बटण दाबत बसायचं नाही, पैलवानानं दम राखावा तसा वारा राखायचा.

स्पर्धेच्या दिवशी हा पोरगा रजा टाकून गेला. ओळखपत्र नाही म्हणून रोबो दुरुस्तीच्या टेबलापाशी त्याला उभं करेनात. दुसऱ्या लढतीआधी एक फिटिंग गळत होतं, याला बॅरिकेडच्या मागून आवाजावरून कळलं. हाका मारल्या. त्या गोंगाटात कोण ऐकतंय! मधेच वारा संपला, रोबो हरला. हरण्याचं काही नाही. पण ज्याच्या हातानं तो उडायला शिकला त्याला टेबलापाशी जागा नाही, हे मला खटकलं ते आजही खटकतंय.

आयोजकांची बाजूही आहे. त्यांच्याशी बोललो तर म्हणाले, बाहेरच्या पोराला काही लागलं तर जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त आहे. दाबातली हवा हा खेळ नव्हे. पण मग टाकी तपासा, ओळखपत्र काय तपासता? त्याच स्पर्धेत मी जुन्या अग्निशामकाच्या नळकांड्यात हवा भरून आणलेली टाकी पाहिली. आतून गंजलीय की नाही कुणी बघितलं नव्हतं, आणि आणणाऱ्याकडे ओळखपत्र अगदी व्यवस्थित होतं. टाकी तपासायची पद्धत सोपी आहे. पाण्यानं पूर्ण भरायची आणि वापरायच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, आठ बारला बारा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी हवेसारखा स्फोट होत नाही. वर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दाबाचं घड्याळ सक्तीचं करायचं. लढत संपली की टाकी रिकामी केल्याशिवाय रोबोला हात लावायचा नाही. ट्रकच्या एअर ब्रेकचं काम करणाऱ्या कराडच्या किंवा मिरजेच्या कुठल्याही मेकॅनिकला हे पाठ असतं. त्याला पंचाच्या शेजारी बसवा की.

या भागाला हे काही नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती, ते ड्रॉइंग शिकवायचे. साताऱ्यात कूपरांनी नांगर केले आणि पुढं डिझेल इंजिन. देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून चालू होणारी चारचाकी केली, २०२२ साली आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्याला बोलेरो दिली, सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. मग अशा पोरांना आपल्याच जिल्ह्यात आखाडा का नाही?

आणि पैशाचं रडगाणं मला सांगू नका. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. इथं तर विमानाचं तिकीटसुद्धा नकोय. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आपल्या गावातली ती खोली उघडी असते की कुलपात, एकदा जाऊन बघा. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनेचा निधी असतो. आमदार-खासदार कुस्तीच्या मैदानाला गदा देतात, एक गदा इकडंही द्या म्हणावं.

जत्रेच्या फडात पैलवानाला वजन आणि तालीम विचारतात, जोड लावतात, सोडतात. शाळेचा दाखला मागत नाहीत. तसंच करूया. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक खुली स्पर्धा, आठ किलोचा एकच गट, फिरतं पातं बंद, फक्त उलटवणारे रोबो. एका टीममध्ये किमान एक कॉलेजचा आणि एक आयटीआय किंवा वर्कशॉपचा. टाकीची पाण्याची टेस्ट आमच्या शेडवर रविवारी फुकट करून देतो, पिंजऱ्याचा सांगाडाही वेल्ड करून देतो, चौकोनी पाइप माझे. पॉलिकार्बोनेटच्या शीट मात्र महाग येतात आणि जागा लागेल ती वेगळी. कुणाचं मंगल कार्यालय रिकामं असेल किंवा शीटची सोय होत असेल तर खाली लिहा.