जुना गीझर: ठेवावा की काढावा?

मैत्रिणींनो, थंडी सुरू झाली की आपल्या वऱ्हाडात पेटीतल्या गोधड्या बाहेर निघतात आणि गीझरचे बटण पुन्हा दाबले जाते. यंदा आमच्या अकोल्याच्या घरी ते दाबले आणि धाकटी न्हाणीघरातून ओरडली, "आई, नळाला हात लावला की मुंग्या येतात!" खरे सांगते, मागच्या थंडीतही ती हेच म्हणाली होती. तेव्हा मी म्हटले होते, "चप्पल घालून नळ सोड." आता आठवले की अंगावर काटा येतो.

गीझर बारा वर्षांचा. हे म्हणाले, "काढून टाकू. नवा पाच ताऱ्यांचा आणू, वीजही वाचेल." सासूबाई म्हणाल्या, "आमचा बंब बरा होता वं बाई, कधी करंट तं मारला नाही त्यानं!" मी मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावले.

गीझर उघडला तर आतल्या कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर! पूर्णेच्या दोन्ही काठांचा आपला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला. आमच्या नळाला काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, पण रोज नाही. मधल्या दिवसांत टाकीत बोअरचे पाणी चढवतो, त्याचाच हा थर. त्याखाली कॉइल तापून तडकली होती आणि करंट पाण्यात उतरत होता. तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा, तर प्लगमधली ती तारच सुटलेली! म्हणजे नवा गीझर त्याच प्लगला लावला असता, तर धोका घरातच राहिला असता.

तेव्हा आधी अर्थिंग, मग गीझर. जमल्यास आरसीसीबीही बसवून घ्या. करंट गळू लागताच तो वीज तोडतो.

आता गीझर बदलायचा केव्हा? कॉइल, थर्मोस्टॅट, रबरी वायसर, टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी हे सारे नवे बसवता येते. पण आतली टाकीच झिरपू लागली, पाण्यात गंज उतरू लागला, तर डागडुजीवर पैसे घालू नका. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तरीही नवाच घ्यावा.

विजेचे म्हणाल, तर २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागते. गीझर जुना असो की नवा! ताऱ्यांमुळे वाचते ती तापून नुसत्या उभ्या राहिलेल्या पाण्याची उष्णता. आपल्याकडे गीझर लागतो थंडीपुरता. उन्हाळ्यात तर गच्चीवरची टाकीच चटका देते. अंघोळीपुरते बटण दाबून लगेच बंद करणारीने केवळ ताऱ्यांसाठी चांगला गीझर मोडीत काढू नये.

आमची टाकी धड निघाली. कॉइल आणि कांडी बदलली, तार घट्ट केली, थर्मोस्टॅट ५५ अंशांवर आणला, कारण पाणी जितके कढत तितका क्षार जास्त बसतो. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत गीझरही उघडून घ्यायचा, असे ठरवले आहे.

आणि एक. घरातले लेकरू "मुंग्या येतात" म्हणाले, तर चप्पल शोधू नका. आधी मेन स्विच बंद करा.