बाळाचा मेंदू घडू लागतो, तेव्हा आईला पत्ताही नसतो

मागच्या महिन्यात सकाळी सकाळी वहिनीचा फोन आला. किटवर दोन रेघा! आनंदाच्या भरात ती म्हणाली, "डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळालीय. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या तेव्हाच सुरू करेन." मी म्हटलं, "वहिनी, थांबू नकोस, आजच फोन करून विचार."

घाई का, ते कोंबडीच्या अंड्यात पाहू या. (बाजारातलं नाही, उबवायला ठेवलेलं.) पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात, पण मेंदूची तयारी दुसऱ्या दिवसापर्यंत बरीच झालेली असते. सुरुवातीला असतो पेशींचा एक सपाट थर. त्याच्या मधोमध एक पट्टी जाड होते, तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि मध्ये येऊन जुळतात. आपण करंजीच्या कडा जुळवतो ना, तसंच. तयार होते एक नळी. तिचं पुढचं टोक फुगून मेंदू होतो, उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. बेडूक, गाय, माणूस, सगळ्यांची सुरुवात या नळीनेच. (झुरळाचं मात्र सगळंच उलटं, त्याची मज्जारज्जू पोटाच्या बाजूने जाते!)

माणसात ही नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत बंद होते. आता हिशोब करा. पाळी नियमित असेल तर ती चुकते तेव्हाच गर्भधारणेला दोन आठवडे झालेले असतात. म्हणजे हातात उरतात फक्त दोन आठवडे. अनेकींना तोवर डोहाळेही लागलेले नसतात.

नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाही आणि बाळ जगत नाही. खाली उघडी राहिली तर स्पायना बिफिडा होतो. त्यात पायांत बळ नसणं, लघवीवर ताबा नसणं असे त्रास जन्मभर राहू शकतात.

मी राहते त्या लखनौच्या ईशान्येला, नेपाळच्या सीमेला लागून बलरामपूर जिल्हा आहे. (लखनौकरांना आधी इथलं बलरामपूर रुग्णालयच आठवतं, ते नव्हे.) तिथल्या गावांतला अभ्यास 2005 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. दर हजार जन्मांमागे साडेसहा ते आठ बाळांत हा दोष आढळला होता. हा आकडा वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते, कारण उपाय इतका स्वस्त आहे. पेशी भराभर वाढताना त्यांना फोलेट लागतं. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या अभ्यासात, 1991 साली, फॉलिक अॅसिडमुळे हा धोका 72 टक्के कमी झालेला दिसला.

म्हणून बाळाचा विचार सुरू झाला की निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगतात. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर डोस वेगळा असतो. तो डॉक्टरच ठरवतील, आणि फिट्सची औषधं मनाने बंद करू नका. मेथी, पालक, हरभरे जरूर खा, पण गोळीऐवजी नाही. भाजी फार शिजवली की त्यातलं बरंच फोलेट जातं.

वहिनीच्या डॉक्टरांनी फोनवरच गोळी सुरू करायला सांगितली. मग आम्ही दोघींनी कॅलेंडर काढून दिवस मोजले. शेवटच्या पाळीपासून पाच आठवडे आणि दोन दिवस झाले होते.