शिट्टी एकाची, पाटी दुसऱ्याची



मागच्या महिन्यात आपल्या मैदानावर तलावाकडची मुले आणि कारखान्यांकडची मुले असा कबड्डीचा सामना झाला. तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. माझा पाय मुरगळला होता, म्हणून मला पंच केले. शिट्टी माझ्याकडे आणि गुण लिहायचे कामही माझ्याकडेच. कागद नव्हता. मी पेनाने डाव्या तळहातावर रेघा ओढायला लागलो.

दहा-दहा मिनिटांचे दोन डाव होते. ऊन असं होतं की हाताला घाम सुटला. शिट्टी त्याच हातात. सामना संपला तेव्हा माझ्या हातावर रेघा कमी आणि शाईचा डाग जास्त होता. जमेल तसे मोजले आणि सांगून टाकले, ‘कारखानेवाले १७, तलाववाले १६.’

तलाववाल्यांचा कप्तान माझा मित्र. तो म्हणाला, ‘आमच्या लोणाचे दोन गुण कुठे गेले? ते धरले तर आम्ही १८ होतो.’ खरे सांगतो, मला आठवेना. लोण चढला तेव्हा सगळे ओरडत होते, बाद झालेले सातही गडी पुन्हा मैदानात येत होते आणि मी त्यांना जागेवर उभे करत होतो. तेवढ्यात दोन रेघा ओढल्या की नाही, ते देवालाच माहीत. त्यात माझे घर कारखान्यांकडे. मग काय, ‘पंच आपल्या माणसांना सामील’ असे सगळीकडे झाले. आम्ही दोघे रोज वऱ्हाळा तलावाच्या काठाने बरोबर घरी जायचो. आता तो पुढे निघून जातो.

तेव्हापासून मी यावर विचार करतो आहे. माझे मत असे झाले आहे की, खेळ मैत्रीचा असला तरी पंचाने गुण लिहू नयेत. ते काम दुसऱ्यानेच करावे.

पहिले कारण डोळ्यांचे. चढाई चालू असताना पंचाला काय काय बघावे लागते ते मोजा. चढाई करणाऱ्याचा दम सुटला का? त्याने निदान रेषा ओलांडली का? बोनस रेषेपलीकडे पाय टेकला तेव्हा दुसरा पाय वर होता का? हात कोणाला लागला? पकड झाली तेव्हा त्याचे बोट मध्यरेषेला पोचले होते का? हे सगळे अर्ध्या मिनिटात. त्यातच मान खाली घालून लिहायचे म्हटले की पुढची चढाई सुरू झालेली असते. मी त्या दिवशी दोनदा तसा फसलो. मुले मला ‘बघ ना रे!’ म्हणून ओरडली आणि मी हाताकडे बघत होतो.

मोठ्या खेळांत काय करतात ते मी गुरुजींना विचारले. कबड्डीच्या स्पर्धेत सरपंच असतो, दोन पंच असतात आणि गुणलेखक वेगळा बसतो. खो-खोतही तसेच. सॉफ्टबॉल नावाचा खेळ आहे. त्यातल्या पंचाच्या हातात एक छोटे मोजणीयंत्र असते. पण त्यावर तो फक्त चेंडू चांगले किती, वाईट किती आणि बाद किती एवढेच मोजतो. धावा लिहायला वेगळा माणूस असतो. क्रिकेटच्या नियमांत तर दोन गुणलेखक सांगितले आहेत. पंचाने चौकाराची खूण केली की गुणलेखकाने ‘कळले’ अशी उलट खूण करायची. ती मिळेपर्यंत पंच पुढचा चेंडू टाकू देत नाही. मला ही रीत फार आवडली.

आता कोणी म्हणेल, एवढे काय अवघड आहे मोजणे? तर ऐका. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला भारत आणि श्रीलंका यांचा एकदिवसीय सामना होता. मलिंगाचे एक षटक पाचच चेंडूंत संपले. सहापर्यंतची मोजणी चुकली! आणि सामना २३६-२३६ असा बरोबरीत सुटला. तो सहावा चेंडू पडला असता तर काय झाले असते, हे आता कोणी सांगू शकत नाही. एवढे शिकलेले, पगारी पंच सहा चेंडू मोजताना चुकतात, तर मी तेहतीस रेघा मोजताना चुकणार नाही का?

दुसरे कारण मला जास्त मोठे वाटते. माझे बाबा मागावर कामाला आहेत. किती मीटर कापड निघाले ते मेहताजी लिहितात. बाबासुद्धा घरी येऊन आपल्या वहीत लिहितात. मी एकदा विचारले, ‘मेहताजी लिहितात ना, मग तुम्ही कशाला लिहिता? तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही का?’ बाबा म्हणाले, ‘विश्वास आहे, आणि तो राहावा म्हणूनच लिहितो.’ हिशेबाच्या दिवशी दोन्ही वह्या जुळल्या की कोणाच्या मनात काही राहत नाही. त्या दिवशी मैदानावर वही एकच होती, आणि ती माझा तळहात होती. मी खोटेपणा केला नव्हता. पण तो केला नाही हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते.

यावर काही मुले म्हणतात, ‘आपण काय तालुक्याच्या स्पर्धेत खेळतो? मजेसाठी खेळायचं, गुण कशाला एवढे?’ मजेसाठी खेळायचं हे मला मान्य आहे. पण भांडण झालं की मजा जाते, हेही खरं आहे ना? दुसरे म्हणतात, ‘आधीच गडी कमी पडतात, लिहायला कोणाला बसवायचं?’ हे म्हणणे मात्र खरे आहे. कधी कधी सातसुद्धा जमत नाहीत. पण प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला कोणी ना कोणी बसलेलं असतंच. कोणाचा पाय दुखतो, कोणाला ताप येऊन गेलेला असतो, कोणी राखीव गडी असतो. तिसरी-चौथीची मुले-मुली तर हौसेने बसतील. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, हे त्यांना गणितात शिकवलेलेच आहे.

‘लिहिणारा आपल्याच बाजूने दोन रेघा जास्त ओढील,’ असेही एकजण म्हणाला. म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक बसवायचा, शेजारी शेजारी. दोघांनीही दोन्ही संघांचे गुण लिहायचे. पंचाने गुण मोठ्याने सांगायचा आणि विचारायचे, ‘लिहिलं?’ दोघांनी हात वर केला की मगच पुढची चढाई. रेघा जुळल्या नाहीत तर तिथेच थांबायचे. आत्ताच झालेली चढाई सगळ्यांना आठवते. सामना संपल्यावर कोणालाच काही आठवत नाही.

मग पंचाचा गुणांशी संबंधच नाही का? आहे. मध्यंतराला आणि शेवटी त्याने दोन्ही पाट्या बघून ‘बरोबर’ म्हणायचे. गुण कोणाला द्यायचा हे पंच ठरवील, किती झाले हे पाटी सांगेल.

गेल्या शनिवारी आम्ही असे करून पाहिले. सहावीतल्या एका मुलीचा हात प्लास्टरमध्ये आहे. तिने पहिलीच्या वर्गातले चिंचोके आणले आणि दोन ढीग केले. दुसऱ्या बाजूचा मुलगा पाटीवर लिहीत होता. मध्येच एका गुणाचा फरक निघाला. सगळे थांबले. एका पकडीचा गुण पाटीवर राहिला होता. त्या मुलानेच कबूल केले आणि रेघ ओढली. भांडण झाले नाही. मात्र चिंचोक्यांचा एक ढीग चेंडू आणायला धावलेल्या पोराच्या पायाने उडाला, तेव्हा पाट्याच बऱ्या!

माझ्या मित्राला मला या भित्तिपत्रकातून सांगायचे आहे की, तुझे दोन गुण माझ्याकडून राहिले असतील. मला खरोखर आठवत नाही, आणि तीच माझी चूक. येत्या शनिवारी पुन्हा सामना आहे. पंच दुसरा कोणीतरी होईल. मी कारखान्यांकडून लिहायला बसणार आहे. शेजारची पाटी रिकामी आहे, आणि तुझाही गुडघा फुटलेला आहे, असे मी ऐकतो.

बाकीच्यांनी आपले मत लिहून गुरुजींकडे द्यावे. माझे पटले नसेल तर तसेही लिहा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी, कामतघर