उपनगराला रुंद टायरच हवा

मी मुलुंडहून विक्रोळीला सायकलने कामाला जाते. अंतर फार नाही, पण लालबहादूर शास्त्री मार्गावर तेवढ्यात चार तऱ्हेचे रस्ते लागतात: काँक्रीट, त्याच्या कडेला बोटभर खाली गेलेलं डांबर, खड्डा बुजवायला बसवलेले आणि आता डुगडुगणारे पेव्हर ब्लॉक, शिवाय मेट्रो ४ च्या कामाभोवतीच्या पत्र्यांलगतची खडी. अशा रस्त्यांसाठी २३ मिलिमीटर टायरची सायकल कुणाच्या गळ्यात मारली जाते, तेव्हा मला खरोखर राग येतो.

पातळ टायरात हवा कमी मावते, म्हणून तो टणक ठेवावा लागतो आणि रस्त्याचा प्रत्येक सांधा मनगटात नि कमरेत पोचतो. हवा जरा उतरली की काँक्रीटच्या कडेवर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तेव्हा बुडबुडे कुठून येतात ते नीट बघा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील, तर बहुतेक हवा कमी होती किंवा टायर अरुंद होता. बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल, तर बहुधा तार घुसली. फुटलेल्या ट्रकटायरच्या या तारा केसाएवढ्या असतात. टायर आतून बोटाने चाचपून ती काढल्याशिवाय सोल्युशन लावलंत, तर तीच तार नवी ट्यूबही फोडते.

दुसरं टोक म्हणजे जाड गुट्ट्यांचे डोंगरी टायर. जंगलातल्या चिखलवाटेवर ते हवेत. घाटकोपरच्या डांबरावर ते नुसते घुर्र वाजतात आणि पायातली ताकद खातात. गुळगुळीत टायर पावसात घसरेल ही भीती मोटारीवरून आलेली आहे. सायकलच्या वेगाला टायरखाली पाण्याचा थर साचत नाही. मॅनहोलचं लोखंडी झाकण आणि झेब्राचे पट्टे मात्र कुठल्याही टायरला घसरवतात, तिथे हँडल सरळ ठेवावं.

आपल्या पेपरवाल्यांच्या, पाववाल्यांच्या काळ्या सायकलींचा २८ × १½ टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतो. ओझं घेऊन, वाटेल त्या गल्लीतून तो वर्षानुवर्षं चालत आला. युरोपातल्या पॅरिस–रूबे शर्यतीत दगडी फरसबंदीवर आता व्यावसायिक स्पर्धकसुद्धा ३० मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर लावतात. मग अंधेरी स्टेशनला जाणाऱ्याने २३ चा हट्ट कशाला धरावा?

घेताना टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. ३८-६२२ म्हणजे रुंदी ३८ मिलिमीटर, रिमचा व्यास ६२२. काळ्या सायकलीचा व्यास ६३५, त्यामुळे तो टायर ६२२ रिमच्या हायब्रिड सायकलीला बसत नाही. चिमट्यात आणि ब्रेकपाशी दोन्ही बाजूंना पाचेक मिलिमीटर मोकळे राहतील, एवढाच रुंद घ्या. नक्षीखाली पंक्चररोधक पट्टा असेल तर थोडे जास्त पैसे द्या, ते वसूल होतात.

कडेवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा (पीएसआय) ही बहुधा कमाल मर्यादा असते. सत्तर किलोच्या माणसाला ३८ च्या टायरात मागे पन्नासच्या आसपास आणि पुढे त्याहून थोडी कमी हवा पुरते. पेट्रोल पंपावर टम्म फुगवून घेऊ नका.

सायकल दुकानदारांना माझी विनंती आहे: ३५ ते ४० मिलिमीटरचे गुळगुळीत टायर मागणीची वाट न बघता दुकानात ठेवा, आणि गिऱ्हाइकाला रंग विचारण्याआधी तो कुठल्या रस्त्याने जातो ते विचारा.