पेपर कुठे टाकू?

रात्रीचे पावणेबारा. डोक्यावर उद्याची डेडलाइन, हातात तिसरी कॉफी, आणि फोन वाजतो. स्क्रीनवर माझी साताऱ्याची शाळेतली मैत्रीण. बाईसाहेब चारच दिवसांपूर्वी ऑनसाइटला म्युनिकला गेल्यात. थर्मल्स, छोटा कुकर, कुकरची जादा रिंग, कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स... सगळं आईनं यादी करून भरून दिलेलं. मला वाटलं, आता ही रडणार. होमसिक वगैरे.

पण नाही. एकदम कुजबुजत्या आवाजात प्रश्न आला, "ए, पेपर कमोडमध्येच टाकायचा ना?"

"कसला पेपर?"

"अगं, टॉयलेट पेपर! इथे बाथरूममध्ये एक छोटं डस्टबिन पण आहे, झाकणाचं. मग त्यात टाकायचा की फ्लश करायचा? फ्लॅटमेट जर्मन आहे. तिला कसं विचारू? ती म्हणेल, ही कुठल्या जंगलातून आली!"

मी हसले नाही. शपथ! कारण प्रश्न अगदी रास्त होता. ऑनसाइटला पाठवताना कंपनी व्हिसा देते, इन्शुरन्स देते, टेबलावर काटा-चमचा कसा धरायचा याचं ट्रेनिंगसुद्धा देते. पण हे कुणी सांगत नाही. आणि आपण विचारतही नाही. साताऱ्याच्या सदर बझारमध्ये टमरेल, मग आणि फार तर जेट स्प्रेवर वाढलेली मुलगी एकदम त्या गुळगुळीत रोलसमोर बसते, तेव्हा तिची डिग्री काहीही कामाची नसते.

मी मात्र एक्स्पर्टच्या थाटात सांगून टाकलं, "पेपर बिनधास्त फ्लश कर. ते डस्टबिन पॅड, कापूस, वाइप्ससाठी आहे. त्यातलं एकही कमोडमध्ये टाकू नकोस."

"तुला गं काय माहीत? तू कधी गेलीस जर्मनीला?"

नाही गेले. मी हे शिकले सांगलीत.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात न्यू जर्सीहून दादा-वहिनी, म्हणजे माझा मावसभाऊ आणि त्याची बायको, दोन मुलांना घेऊन सांगलीला आले. मावशीनं महिनाभर आधीपासून तयारी चालवलेली. भडंगाचे डबे भरले, गाद्यांना ऊन दाखवलं आणि खालच्या बाथरूममध्ये खास नातवंडांसाठी नवा कोरा कमोड बसवून घेतला. वर टॉयलेट पेपरचे बारा रोलही आणून ठेवले. "त्यांना सवय असते ना," असं शेजारच्या काकूंना जरा अभिमानानंच सांगितलं. वहिनीनं स्वतःची सोय वेगळी आणलेली. ओल्या वाइप्सची पाकिटं. मऊ, सुगंधी आणि पाकिटावर ठळक अक्षरात 'फ्लशेबल'.

वहिनी मूळची कराडची. २००९ साली लग्न होऊन अमेरिकेला गेली, तेव्हा तिचाही हाच गोंधळ झाला होता. पहिला महिनाभर ती वापरलेला पेपर किराण्याच्या पिशवीत बांधून गुपचूप कचऱ्यात टाकायची. "पाइप तुंबला तर बिल डॉलरमध्ये येणार गं! मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करायची." शेवटी बिल्डिंगमधल्या एका गुजराती आंटींनी कानात सांगितलं, की बेटा, इथे पेपर फ्लशच करतात. वहिनी सुटली. आणि मग इतकी सुटली, की पेपरबरोबर वाइप्स, टिश्यू, कापूस... सगळंच फ्लश करायला लागली.

तर सांगलीत पाचव्या दिवशी सकाळी ऐन पोह्यांच्या वेळी खालच्या कमोडमधलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. आता बोला! प्लंबर आला, त्यानं स्प्रिंग घालून पाहिली आणि मान हलवली. "मावशी, लाइन न्हाई, टाकी बघाय लागंल."

मावशीच्या बंगल्याला ड्रेनेज लाइन नाही. पोर्चच्या फरशीखाली सेप्टिक टँक आहे. तो शेवटचा कधी उपसला? मावशी आठवायला लागली. "तुझे काका होते तेव्हा एकदा केला होता." काकांना जाऊन अकरा वर्षं झालीत. तरी स्वयंपाकघरात निकाल लागलेला होता. "त्या कागदानंच केलंय सगळं. दाराशी कृष्णा वाहतीये, आणि ह्यांना पाणी नको, कागद पाहिजे!" वहिनीचा चेहरा एवढुसा झाला.

दुपारी मैला उपसायची गाडी आली. टँकर, मोटर, जाडजूड पाइप आणि दोन माणसं. फरशी उचलली आणि अख्खी गल्ली नाकाला रुमाल लावून आत पळाली. मी पत्रकार ना, म्हणून उभी राहिले. (खरं सांगायचं तर जिन्यावर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला.) मोटर सुरू झाली, पाच मिनिटं चालली आणि पाइप थडथडून बंद पडला. तुंबला. त्यातल्या वयस्कर माणसानं आधी काठीनं, मग तारेच्या आकड्यानं ओढून पाहिलं. जमेना. मग त्यानं शर्टाची बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. हातमोजा नाही, काही नाही. बाहेर आला तो दोरासारखा पीळ पडलेला, राखाडी, लांबच लांब गोळा.

"कागद आहे का?" मी लांबूनच विचारलं.

"कागुद कुठला ताई! कागुद इरघळून जातोय. ह्ये फडक्यावानी हाय बघा. फाटत न्हाई, कुजत न्हाई. आन् ह्ये पॅड. घराघरातनं ह्येच निघतंय."

"तुम्ही आत उतरता का कधी?"

"पूर्वी उतरायचो. आता मालक म्हणत्यात, कायदा हाय, उतरायचं न्हाई. पर पाइप तुंबला की हात घालाय लागतोयच की."

मावशीनं त्या दोघांना चहा पाठवला. कागदी कपात, कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून. आम्हाला कपबशीतून. माझ्या ते लक्षात आलं, आणि मी काही बोलले नाही.

तर मंडळी, त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं ते पुढे मी घरीच करून पाहिलं. तुम्हीही करा, मजा येते. पाण्यानं अर्ध्या भरलेल्या बाटलीत टॉयलेट पेपरचा तुकडा टाका आणि जोरात हलवा. बघता बघता त्याचा लगदा होतो. कारण त्याचे तंतू आखूड असतात, आणि ओले झाले की सुटे व्हावेत म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. दुसऱ्या बाटलीत नाक पुसायचा टिश्यू किंवा किचन रोल टाका. तो बराच वेळ तग धरतो, कारण ओला झाल्यावर फाटू नये म्हणून त्यावर प्रक्रिया केलेली असते. तिसऱ्या बाटलीत वाइप टाका. हात दुखेपर्यंत हलवा, बहुतेक वाइप जसाच्या तसा! त्यात अनेकदा पॉलिस्टरसारखे प्लॅस्टिकचे धागे असतात. पाकीट काहीही म्हणो.

लंडनकरांना हे फार महागात पडलंय. २०१७ च्या सप्टेंबरात तिथल्या व्हाइटचॅपल भागात गटारात एक गोळा सापडला. घट्ट झालेली चरबी आणि वाइप्स मिळून २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा! ब्रिटनच्या पाणी कंपन्यांनी २०१९ साली 'हे वाइप फ्लश करायला हरकत नाही' असा शिक्काही काढला होता. २०२४ मध्ये तो बंद केला आणि सरळ सांगितलं, वाइप्स कचऱ्यातच टाका.

मग परदेशात पेपरही कधी कधी डस्टबिनमध्येच टाका म्हणतात, ते का? ग्रीसमध्ये हॉटेलच्या भिंतीवरच तशी पाटी दिसते. तिथल्या जुन्या इमारतींचे पाइप अरुंद, म्हणून तिथे टोपली. मेक्सिकोमध्येही बऱ्याच ठिकाणी तीच पद्धत. जपानमध्ये नेमकं उलटं, पेपर फ्लशच करा अशी पाटी. दक्षिण कोरियात तर सार्वजनिक टॉयलेटमधल्या पेपरच्या टोपल्या २०१८ पासून काढून टाकायला लावल्या. म्हणजे पेपर तोच, पण फ्लश करायचा की नाही ते पाइप किती रुंद आहे आणि तो शेवटी कुठे जातो यावर ठरतं. अमेरिकेतही सगळीकडे शहरी गटारं आहेत असं समजू नका. तिथे पाचातल्या एका घराला सेप्टिक टँक आहे. त्यांनाही साधा टॉयलेट पेपर चालतो, फक्त टँक तीन ते पाच वर्षांनी उपसा असं सरकार सांगतं.

आणि इथेच मावशीची चूक होती. वाइप्सनी पाइप अडवला हे खरं, पण टँक आधीच गळ्यापर्यंत आला होता. सेप्टिक टँकचं काम साधं असतं. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी बाहेर पडतं. जंतू हळूहळू गाळ पचवतात, पण सगळा नाही. उरलेला साठत जातो. दोन-तीन वर्षांत उपसला नाही की गाळच पाण्याबरोबर बाहेर यायला लागतो. शोषखड्ड्यात, गटारात, तिथून नाल्यात. शेरीनाल्यातून कृष्णेत काय काय गेलं, हे सांगलीकरांना मी पुण्यात बसून सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षं ते त्यावर आंदोलनं करत आलेत.

पुण्याला परतल्यावर शोधाशोध केली, तर एक चांगलं उदाहरण निघालं थेट आमच्याच सातारा जिल्ह्यात. वाईत! आपण वाईला जातो ते महागणपतीला, मेणवलीच्या घाटावर फोटो काढायला आणि शूटिंग दिसतंय का बघायला. त्याच वाईच्या नगरपालिकेनं २०१८ च्या सुमारास ठरवलं, की लोकांचा टँक भरून वाहायची वाट बघायची नाही. गाव भागाभागांत वाटायचं आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक घराचा टँक पाळीनं उपसायचा. उपसलेला मैला कुठेतरी ओतून द्यायचा नाही, म्हणून रोज ७० हजार लिटर क्षमतेचा प्रक्रिया प्रकल्प त्याच वर्षी उभा राहिला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या तज्ज्ञांची साथ होती. जेमतेम ३६ हजार वस्तीचं गाव (२०११ ची जनगणना), पण वागलं शहाण्यासारखं. शेवटी वाईच्या घाटावरून निघालेली कृष्णाच पुढे कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीला मावशीच्या नळाला येते.

पण तिथेही, किंवा कुठल्याही प्रकल्पात, वाइप्सचा गोळा जाळीत अडकला की तो कुणीतरी काढायचाच असतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक माणसाकडून साफ करून घ्यायला बंदी आहे. तरी माणसं उतरतात आणि आतल्या विषारी वायूनं मरतात. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. आपण एक बटण दाबतो, आणि आपल्यापुरता विषय संपतो. त्याच्यासाठी तो तिथून सुरू होतो.

आता कामाचं. ऑनसाइटला निघालेल्यांनी आणि एनआरआय पाहुणे येणार असलेल्यांनी एवढं कापून फ्रिजवर लावा:

● अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान : साधा टॉयलेट पेपर फ्लश करा. एका वेळी थोडाच. अर्धा रोल कोंबलात तर कुठलाही पाइप तुंबेल.

● ग्रीससारख्या ठिकाणी, किंवा पाटी लावलेली असेल तिथे : टोपली म्हणजे टोपली. लाजू नका, विचारा.

● वाइप्स, पॅड, डायपर, कापूस, कंडोम, केस : जगात कुठेही कमोडमध्ये नाही. आपल्याकडे २०१६ च्या कचरा नियमांनीही पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं.

● गावाकडच्या आपल्या घरी : थोडा टॉयलेट पेपर चालतो. पण आधी आईबाबांना विचारा, टँक शेवटचा कधी उपसला? उत्तर आठवायला लागलं, तर गाडी बोलवा.

● गाडी आली की : कुणीही आत उतरणार नाही, हे आधीच बजावा. हातमोजे आहेत का विचारा. नसतील तर तुम्ही आणून ठेवा. माझ्या एका कॉफीपेक्षा स्वस्त पडतात.

म्युनिकच्या बाईसाहेबांचा परवा फोटो आला. पेपर तर आहेच, पण आपली सवय काही सुटत नाही. म्हणून तिनं दुकानातून झाडांना पाणी घालायची छोटी हिरवी झारी आणलीय आणि ती कमोडशेजारी ऐटीत उभी आहे. फ्लॅटमेटनं विचारलं, तुझी झाडं कुठायत? ही म्हणाली, येणार आहेत.

आणि सांगलीत? वहिनीनं जाण्याआधी खालच्या बाथरूममध्ये झाकणाचं डस्टबिन आणून ठेवलं. मावशीनं उरलेले रोल शेजारच्या काकूंना खिडक्यांच्या काचा पुसायला दिले. आणि दर जानेवारीत नवं कालनिर्णय आलं, की गॅस सिलिंडर आणि दूधवाल्याच्या हिशेबाबरोबर ती एक ओळ न चुकता उतरवून ठेवते : पुढच्या डिसेंबरात टाकी.

मी त्या दिवशी सांगलीला जाणार आहे. चहा मी करणार. सगळ्यांना कपबशीतून.