होळीच्या आधी यंत्राकडे एकदा बघा

कारखानदार बंधूंनो, फोरमन आणि ठेकेदार मित्रांनो,

४ जानेवारी १९८७. अमेरिकेत मेरीलँडमधल्या चेस गावाजवळ मालवाहतूक कंपनीची इंजिनं लाल सिग्नल ओलांडून भरधाव प्रवासी गाडीच्या वाटेत गेली. १६ माणसं गेली. इंजिनचालकाने गांजा ओढला होता. तपासात आणखी एक गोष्ट निघाली: चालकाला सावध करणारी इंजिनातली शिट्टी टेप लावून दाबून टाकलेली होती.

ती शिट्टी माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडेही उत्पादन अडतं म्हणून पॉवर प्रेसचा सेन्सर बायपास करतात, दोन हातांच्या बटणांपैकी एक कायमचं दाबून ठेवतात. अशा प्रेससमोर शुद्धीतला माणूससुद्धा सुरक्षित नसतो. मग ज्याचा हात क्षणभर उशिरा मागे येतो, त्याचं काय?

होळी तोंडावर आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. भांगेचं तसं नाही. ती चढायला तास-दोन तास लागू शकतात आणि असर सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. दुपारी भांगेची थंडाई प्यालेला माणूस रात्रपाळीच्या गेटमधून चालत येतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि त्याला तसंच वाटत असतं.

लघवीची तपासणी करून घेऊ, असं कुणी म्हणेल. पण तिच्यात गांजा काही दिवस, नेहमी ओढणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडेही दिसतो. माणूस या घटकेला नशेत आहे का, हे ती सांगत नाही. तो यंत्रावर उभा राहण्याच्या स्थितीत आहे का, ते पाळीच्या सुरुवातीला दोन मिनिटं बोलून, डोळ्यांत बघून, चाल बघूनच कळतं. एकट्याने ठरवू नका, दोघांनी बघा. आणि आरोप करू नका. ताप, साखर उतरणं, सलग ओव्हरटाइमची झोप हीसुद्धा तशीच दिसतात. कारण काहीही असो, त्याला यंत्रावरून बाजूला घ्या, बसवा, गरज वाटली तर डॉक्टरकडे न्या. मोटारसायकलवरून एकट्याला घरी पाठवू नका.

त्या दिवसाचा खाडा मात्र लावू नका. खाडा लागणार असेल, तर शेजारचा कामगार कधीच तोंड उघडणार नाही. माझ्या मते सगळं इथेच अडतं.

स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं ६४-अ कलम, पदार्थाच्या थोड्या प्रमाणापुरतं, खटल्यापासून संरक्षण देतं. हे कामगारांना मराठीत आणि हिंदीत सांगा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. हा आकडा हजेरीच्या यंत्राशेजारी आजच लावा, आणि बायपास केलेला प्रत्येक सेन्सर होळीच्या आधी पुन्हा जोडून घ्या.